अण्णांनी जोडलेल्या गिटारी

अण्णांचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं ते अर्थिंगबद्दल. सकाळी मी कामाला निघाले होते आणि ते गॅलरीतल्या खुर्चीत ऊन खात बसले होते, हातात चहाचा कप. मी चपला घालत असताना त्यांनी विचारलं, "गिटारीच्या घोडीखालची अर्थिंगची तार तपासलीस का?" मी म्हटलं, "काल तपासली, अण्णा." ते म्हणाले, "आज परत तपास. थंडीनं लाकूड आखडतं, सोल्डर सुटतं." एका थंडीत असं काही होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण मी "बरं" म्हणाले आणि निघाले. पुण्याजवळ नांद्यातल्या आमच्या सोसायटीपासून माझं वर्कशॉप चालत जाण्याएवढं जवळ आहे. कुलूप काढून, दिवा लावून मी तीच तार बघत होते, तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा, समीरचा फोन आला. "वृषाली, घरी ये," एवढंच म्हणाला. मी पोचले तेव्हा अण्णा त्याच खुर्चीत होते, मान जराशी कललेली. सोसायटीतले डॉक्टर येऊन बघून गेले, झोप लागावी तसे गेलेत, म्हणाले. शेजारच्या स्टुलावर कप नीट ठेवलेला होता. चहा पूर्ण संपवलेला. रडू यायच्या आधी मला त्या रिकाम्या कपाकडे बघून बरं वाटलं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण तसं झालं खरं. अर्धवट टाकलेलं काहीही त्यांना आवडत नसे.

नंतर भेटायला येणारी माणसं विचारायची, सासरे काय करायचे? समीर सांगायचा, कऱ्हाडला त्यांचं कानाच्या मशीनचं दुकान होतं. मी सांगायचे, गिटारी जोडायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, दोघांपैकी एकाचं काहीतरी चुकतंय... दोन्ही खरं होतं, आणि पहिल्यातूनच दुसरं निघालं होतं.

कऱ्हाडच्या बाजारपेठेत एका जिन्याखाली अण्णांचं दुकान होतं. सुरुवातीला तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे. रेडिओ हळूहळू घरांमधून गेले, तेव्हा अण्णा कानाच्या मशीनकडे वळले, कारण त्यांच्या भाषेत सांगायचं तर "मशीन म्हणजे नखाएवढा रेडिओच, फक्त स्टेशन समोरच्या माणसाचं." पाटणच्या, कोयनेच्या बाजूची माणसं एसटीनं यायची. लग्नानंतर पहिल्यांदा कऱ्हाडला गेले तेव्हा मी त्यांना काम करताना पाहिलं. एका म्हातारबाईंच्या कानात मशीन बसवून ते त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात त्यांचं नाव घेतलं. समोरच्या भिंतीवर आरसा होता. अण्णा मशीनकडे बघत नव्हते, आरशातल्या त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाईंनी मान वळवली... तेवढ्यावर त्यांना कळलं की काम झालंय.

मी हिंजवडीत एका कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. ते सोडून बेंगळुरूला एका कारागिराकडे गिटार बनवायला शिकले आणि परत येऊन नांद्यात स्वतःचं काम सुरू केलं. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. "शिकल्यासवरल्या मुलीनं रंधा मारायचा?" असं त्यांनी समीरला फोनवर विचारलं होतं. मला थेट काही म्हणाले नाहीत, पण सणाला भेट झाली की गिटारीचा विषय निघताच पेपर उघडायचे. सासूबाई गेल्या आणि एकट्यानं जिना चढउतार करणं जमेना, तेव्हा दुकान बंद करून ते आमच्याकडे आले. आले ते रिकामे हात घेऊन, आणि रिकामे हात त्यांना सोसत नसत. आमचा मिक्सर दुरुस्त झाला, शेजाऱ्यांचा झाला, मग सोसायटीचा इंटरकॉम. लिफ्टचं पॅनेल त्यांनी उघडलं तेव्हा सेक्रेटरींनी समीरला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की काकांना जरा आवरा.

माझं वर्कशॉप म्हणजे हौसाबाईंचा जुना गोठा. हौसाबाई गावातल्याच, साठीच्या पुढच्या. गुरं सांभाळणं होईना म्हणून त्यांनी ती विकली, गोठ्याला फरशी घातली, आणि तो मला भाड्यानं दिला. एका बाजूला अजून त्यांचं भाताचं खाचर आहे, दुसऱ्या बाजूला एका मोठ्या इमारतीचं काम कायम चालू, त्यामुळे खिडकी उघडायची तर वाऱ्याची दिशा बघून. घरात बसून कंटाळलेले अण्णा एका दुपारी माझा विसरलेला डबा घेऊन तिथं आले. मी एका गिटारीशी झटापट करत होते. गिऱ्हाइकाला ती स्टेजवर वाजवायची होती, म्हणून आत पिकअप आणि छोटा माइक बसवायचा होता. लाकूडकाम मला येत होतं, पण वायरिंगचं काम करायला पुण्यातून एक जण यायचा, तो दोनदा येतो म्हणून आला नव्हता, आणि मी स्वतः जोडलेल्या तारांमधून नुसता घुंईं आवाज येत होता. अण्णा डबा ठेवून जायला वळले आणि थांबले. टेबलावर तो माइक पडला होता, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हा कशाला इथं?"

"गिटारीच्या आत बसवायचाय. आतला आवाज पकडायला."

"हा तर आमचा माइक आहे," अण्णा म्हणाले. "कानाच्या मशीनमधला. मोठा भाऊ म्हण त्याचा." मग स्टूल ओढून बसले आणि मी केलेलं सोल्डरिंग बघून म्हणाले, "हे कुणी केलंय? चिंगम लावल्यासारखं." मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "आण इकडं."

त्या संध्याकाळी घुंईं आवाज गेला होता आणि डबा तसाच भरलेला घरी परत गेला. हौसाबाई दारातून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "आण्णा, तुमी रोज येत जावा. ही पोर एकलीच बडबडत बसतीय लाकडाशी." अण्णा दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन दारात उभे होते.

अकूस्टिक गिटार हे मुळात पोकळ लाकडी पेटीचं वाद्य. तारा छेडल्या की वरची पातळ फळी थरथरते, तिच्याबरोबर आतली हवा, आणि त्याचा आवाज होतो. मोठ्या हॉलमध्ये तो पुरत नाही. म्हणून तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली एक चपटा पिकअप घालतात, तो तारांचा थरथराट पकडतो. कोणी फळीला आतून चिकटवायचा एक बटणासारखा पिकअप लावतात, तो लाकडाचा थरथराट पकडतो. आणि माइक पकडतो हवा. या सगळ्यांच्या तारा आतूनच एका छोट्या सर्किटपर्यंत न्यायच्या, त्यांचं मिश्रण कमीजास्त करता यावं म्हणून वरच्या फळीतल्या गोल भोकाच्या कडेला आतून एक चक्री बसवायची, आणि हे सगळं बाहेरून अजिबात दिसता कामा नये. अण्णांनी हे चार दिवसांत आत्मसात केलं आणि स्वतःची नावं दिली. तारा टेकतात ती घोडी, वरची फळी ती तबली, तंबोऱ्यासारखी. गिटार हे वाद्य त्यांना शेवटपर्यंत फारसं आवडलं नाही. नाट्यसंगीत ऐकणारा माणूस. "तुझ्या वाद्यात मींड नाही, नुसते तुकडे," असं म्हणायचे. पण तिच्या पोटात काय चाललंय याचं त्यांना भारी कुतूहल होतं.

अडचण एकच होती. गिटारीच्या भोकातून अण्णांचा पंजा आत जायचा नाही. माझा जायचा, कसाबसा, अंगठा मुडपून. त्यामुळे आमची एक पद्धत ठरून गेली. हात माझा आत, आणि अण्णा बाहेरून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन. मला आतलं काही दिसायचं नाही. ते सांगायचे, "डावीकडं... अजून... आता वर, तबलीला लागेपर्यंत. थांब. तिथंच दाब." कोपरापर्यंत हात आत, गाल गिटारीवर टेकलेला, आणि कानाशी अण्णांचा आवाज. तार मोकळी सोडायची नाही, नाहीतर वाजवताना ती लाकडावर आपटून खरखरते, म्हणून दर वितीला तिला छोट्या क्लिपमध्ये बसवायचं. तेवढं करताना माझ्या मनगटाला मुंग्या यायच्या. मग अण्णा गप्पा सुरू करायचे. कऱ्हाडच्या दुकानातल्या गोष्टी, कुणाचं मशीन नातवानं पाण्यात टाकलं, कुणाच्या मशीनची कानात जाणारी नळी कडक होऊन शिट्टी वाजायची, कोण घरात भांडण सुरू झालं की मशीन मुद्दाम बंद करून ठेवायचा. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या काही महिन्यांत बोललो. समोरासमोर बसून कदाचित जमलं नसतं. माझा एक हात अडकलेला आणि त्यांचे डोळे आरशात, त्यामुळे जमलं.

भांडणंही झाली. एका गिटारीची चौथी तार स्पीकरमधून अगदी मरगळलेली ऐकू यायची, बाकीच्या ठणठणीत. अण्णांचं म्हणणं, पिकअप बसतो ती माझी खाच सपाट नाही. माझं म्हणणं, त्यांची जोडणी कुठंतरी कच्ची आहे. मी खाच परत तपासली, पट्टी ठेवून, उजेडाकडे धरून. सपाट. त्यांनी सगळ्या तारा सोडवून परत जोडल्या. तरी तेच. घरी जेवताना आम्ही दोघं फक्त समीरशी बोलत होतो, "समीर, अण्णांना आमटी हवी का विचार," अशा थराला गेलं होतं ते. शेवटी पिकअप पुन्हा बाहेर काढला तेव्हा त्याला खालून चिकटलेला भुशाचा एक कण निघाला. मोहरीच्या चौथ्या हिश्शाएवढा. त्यानं पिकअप एका टोकाला उचलून धरला होता. अण्णांनी तो बोटाच्या टोकावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "याच्यापायी आमटी थंड झाली." त्यानंतर कुठल्याही गिटारीला तारा चढवायच्या आधी ते खाचेत फुंकर मारायचे आणि मला सांगायचे, आता तूही मार.

पुढे त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी थोडा, मग सोल्डरिंग आयर्न धरल्यावर टोक नाचायला लागेल इतका. त्यांनी तो काही दिवस माझ्यापासून लपवला, मनगट टेबलाच्या कडेला दाबून काम करत राहिले. एके दिवशी आयर्न बाजूला ठेवून म्हणाले, "आता हातही तुझा, सोल्डरही तुझं. माझी नुसती जीभ." मला वाईट वाटलं, पण त्यांच्या स्वरात तसं काही नव्हतं. त्यांनी मला शिकवलं. वस्तू तापवायची, सोल्डर नाही. थेंब चमकायला हवा, मळकट दिसला की काढून परत. माझा पहिला नीट थेंब जमला तेव्हा त्यांनी भिंगातून पाहिला आणि "हं" म्हणाले. हौसाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "हं म्हंजे काय गं? बरं हाय का न्हाई?" मी म्हटलं, "यापेक्षा बरं ते कधीच म्हणत नाहीत."

देवयानी आली ती याच सुमाराला. लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात ती शिकवते. पस्तिशीची असेल. तिनं केस मागे घेतले तेव्हा दोन्ही कानांमागची मशीन दिसली. बोलताना ती समोरच्याच्या ओठांकडे बघायची. कॉलेजात असताना ती गिटार वाजवायची, हॉस्टेलच्या गच्चीवर, मैत्रिणी जमवून. मग एका आजारानंतर ऐकू येणं उतरत गेलं आणि मशीन आली. "बोलणं कळतं मला," ती म्हणाली. "वर्गात काही अडत नाही. पण गिटार पत्र्याची वाटते. आणि सूर लांबला की मध्येच गुरगुरतो, थरथरतो, मग गायबच होतो. मी चार वर्षं हातात घेतली नाही. मला अशी गिटार करून देता येईल का, की... मला ऐकू येईल?" हे विचारताना ती माझ्याकडे बघत होती, पण उत्तर अण्णांनी दिलं. तिच्यासमोर जाऊन बसले, तोंडावर उजेड पडेल असे, आणि सावकाश म्हणाले, "मशीनला वाटतं ती शिट्टी आहे. म्हणून दाबतं. मशीन बोलण्यासाठी केलंय, बाळ. लांब सूर आला की त्याला वाटतं आपणच बिघडलोय." देवयानीनं कानामागच्या मशीनला हात लावला. म्हणाली, "हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझाच कान गेलाय."

उपाय अण्णांच्या ओळखीचा होता. काही मशीनमध्ये केसाएवढ्या तारेची एक गुंडाळी असते. बटण तिच्यावर टाकलं की मशीनचा बाहेरचा माइक बंद होतो आणि जवळच्या तारेतून वाहणारा आवाज ती गुंडाळी थेट उचलते. मधल्या हवेचा, खोलीचा, गोंगाटाचा संबंधच उरत नाही. म्हणजे गिटारीच्या आतून निघालेली तार कमरेच्या एका डबीत न्यायची, डबीतून गळ्यात घालायच्या एका वेटोळ्यात, आणि तिथून आवाज कानात. देवयानीच्या मशीनमध्ये ती गुंडाळी होती, तिनं तिच्या डॉक्टरांकडून ती चालू करून घेतली आणि लांब सुरांना दाबण्याची सोयही त्या बटणापुरती काढून टाकायला लावली. गळ्यातल्या वेटोळ्याला अण्णा 'माळ' म्हणायला लागले. ते हौसाबाईंनी ऐकलं आणि देवयानीला काळजीनं विचारलं, "माळ घातली म्हंजे आता मटन बंद का तुजं?"

गिटार मी तिच्या हाताच्या मापानं केली, जरा लहान पोटाची, मानेला अरुंद. ते काम सुरळीत झालं. अडलं ते माइकवर. अण्णांचं म्हणणं, हिला माइक नकोच. तारेखालचा पिकअप आणि तबलीवरचा, दोन पुरे. माइक ओढणीचा घासलेला आवाज घेईल, श्वास घेईल, बटण आपटलं तर ते घेईल. "कमी ऐकणाऱ्याला आधी स्वच्छ लागतं. कचरा आम्ही आयुष्यभर गाळला, आणि तू तो मुद्दाम आत घालतेस." माझं म्हणणं, हवा नसेल तर ती गिटार नव्हेच, ताराच नुसत्या. तिनं पत्र्याचीच तक्रार केली आणि आपण तिला अजून चकचकीत पत्रा देणार. तीन दिवस हेच. शेवटी मी म्हटलं, आपण माइक बसवू, चक्रीवर ठेवू, आणि तिलाच ठरवू दे. अण्णांनी मान हलवली, पटलं म्हणून नाही, दमले म्हणून. तेव्हा त्यांना चालताना धाप लागायला लागली होती. डॉक्टरांनी घरी थांबायला सांगितलं होतं, पण समीर रोज ऑफिसला जाताना त्यांना गाडीतून वर्कशॉपला सोडायचा. एकदा मला म्हणाला, "घरी ठेवले तर ते लिफ्ट उघडतील."

देवयानीला बोलावलं त्या दिवशी सकाळपासून अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिनं माळ घातली, डबी कमरेला लावली, मशीनचं बटण टाकलं... आणि लगेच कपाळाला आठी. "भुंगा आहे," म्हणाली. "मोठा." मी वाजवली नव्हती, तिनंही नव्हती. मला वाटलं अर्थिंग गेलं, ते गेलं की असंच गुणगुणतं. अण्णा मात्र वर बघत होते. ट्यूबलाइट. वरून गेलेल्या तारा. शेजारच्या इमारतीच्या बांधकामाचं मशीन ज्या लाइनवर चालायचं ती भिंतीपलीकडून गेलेली. गुंडाळी ते सगळं उचलत होती. "गिटार बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "जागा चुकली. हिला बाहेर न्या." मग आम्ही खुर्च्या उचलून हौसाबाईंच्या अंगणाच्या टोकाला गेलो, खाचराच्या बांधापाशी, जिथं डोक्यावर एकही तार नव्हती. हौसाबाईंनी तिथं वाळत घातलेली शेवग्याची पानं गोळा केली आणि स्वतः बांधावर बसल्या.

देवयानी खुर्चीत बसली. अण्णा तिच्यासमोर बसले, हात गुडघ्यांवर, आणि मी पाहिलं की ते गिटारीकडे बघत नाहीयेत, तिच्या चेहऱ्याकडे बघतायत. तिनं एकच झंकार उठवला, सगळ्या तारांवरून अंगठा फिरवून, आणि हात उचलून घेतला. आम्हाला तो विरत जाताना ऐकू आला. ती मात्र हललीच नाही. आमच्या लेखी आवाज केव्हाच संपला होता, लांबून मिक्सरचा ट्रक रिव्हर्स घेत असल्याची टूंटूं येत होती, आणि ती मान खाली घालून ऐकतच होती. मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, "दुसरी तार उतरली आहे. किंचित."

मी घाईघाईनं माझा ट्यूनर लावून पाहिला. उतरली होती. अगदी किंचित. अण्णा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हौसाबाईंना कळेना. "का हसताय? तार उतारली म्हन्ती ती." मी सांगितलं, "तिला ऐकू आलं म्हणून."

तार चढवून देवयानीनं वाजवायला सुरुवात केली. बोटं अडखळत होती, चार वर्षांची सवय गेलेली. मध्येच तिनं चक्री फिरवली, माइक वाढवला, परत वाजवलं आणि डाव्या हाताची बोटं तारांवरून नुसती वरखाली सरकवली. वाजवणारे लपवतात तो चिरका घसरल्याचा आवाज. तिनं तो दोनतीनदा केला. "हा आवाज मी विसरलेच होते," ती म्हणाली. "बोटांचा. हा असू दे." मी अण्णांकडे बघितलं नाही. मुद्दामच. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "बरं. कचरा असू दे." आणि मग तिला, "पण ओढणी तेवढी पाठीमागं टाकत जा."

त्यानंतर अण्णा बरेच महिने होते. देवयानी सुटीच्या दिवशी कधीकधी अंगणात येऊन वाजवायची, गिटार दाखवण्याचं निमित्त करून. अण्णा खुर्ची घेऊन बसायचे. एकदा तिनं त्यांच्यासाठी एक नाट्यपद बसवून आणलं. मींड गिटारीवर यावी म्हणून तिनं तार बाजूला ओढून सूर चढवला. अण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "प्रयत्न चांगला आहे," म्हणाले. घरी येताना गाडीत मात्र तेच पद गुणगुणत होते. वर्कशॉपमध्ये आता ते बहुतेक वेळ खाटेवर आडवे असायचे. मी एकटीच आत हात घालून आरशाशिवाय चाचपडायचे आणि ते डोळे मिटून विचारायचे, "क्लिप बसली का?" बसली म्हटलं की, "आवाज आला नाही बसल्याचा." मग मी परत दाबायचे. गेले, त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी समीरला सांगितलं, "हिचं काम बरं चाललंय." समीरनं ते मला सांगितलं. मी विचारलं, आणखी काय म्हणाले? समीर म्हणाला, "हं म्हणाले, शेवटी."

अण्णांचा मोबाइल आम्ही बंद केलेला नाही. राहू दे थोडे दिवस, असं मीच म्हटलं, आणि तो वर्कशॉपमध्ये टेबलावर चार्जिंगला लावून ठेवला. परवा दुपारी तो वाजला. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "मशीनवाले हायत का?" मी सांगितलं, अण्णा गेले. "कुटं गेल्यात?" त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. मला ते परत, मोठ्यानं सांगावं लागलं. मग म्हणाले, "चांगला मानूस हुता." आणि थोडं थांबून, "त्येंनी दिल्यालं मशीन शिट्टी मारतंय वं. म्हनून फोन केल्ता."

मी विचारलं, "कानात घट्ट बसतंय का? नळी कशी आहे, मऊ की कडक?"

"कडक. पिवळी पडल्या."

"मग नळीच बदलायची असेल."

"तुमी कोन?"

"मी सून त्यांची."

"तुमाला येतं व्हय ह्यातलं?"

टेबलावर माझा अर्धा झालेला जॉब होता, आयर्न तापत ठेवलेलं. मी ते बाजूला केलं. "उघडून बघितल्याशिवाय सांगता नाही यायचं," मी म्हटलं. "कुरिअरनं पाठवून द्या."

"काय?"

"पाठवून द्या, म्हटलं."

अंगणातून हौसाबाईंनी डोकावून विचारलं, "कुनाला वरडतीस गं?"

"अण्णांचं गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं, आणि फोनवर त्या म्हाताऱ्यांना नांद्याचा पत्ता सांगायला लागले.